आबांची दोन मिनिटं

१८ जुलै २०२१, रविवार

लॉकडाउन पुन्हा लांबला. श्रियाने ही डायरी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, राइट इट डाउन. आम्हाला ऐकवण्यापेक्षा." बासष्टाव्या वर्षी मुलीकडून शिस्त लावून घेतोय. लिहितो तर लिहितो.

घरात आम्ही चौघं. मी जेवणाच्या टेबलावर बसून रेल्वे सिग्नलची नोकरी करतो. चित्रलेखा वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डात नर्स आहे. शिफ्टवरून आली की गॅरेजमधून सरळ वर जाते, आंघोळ करते आणि आबांना काही होऊ नये म्हणून वरच जेवते. नवरा-बायको आम्ही जिन्यावरून बोलतो. श्रियाची युनिव्हर्सिटी तिच्या खोलीत भरते. आणि खालच्या खोलीत आबा, माझे वडील, वय अठ्ठ्याण्णव. कान गेलेत, पण डोकं आमच्या तिघांपेक्षा शाबूत आहे. आई गेल्यावर नऊ वर्षांपूर्वी त्यांना इथे ऑस्ट्रेलियात, टूनगॅबीला आणलं.

आज पद्माकरचा फोन आला. तो आमच्या इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम यंदाही झूमवर. म्हणाला, "मोहन, आझाद हिंद फौजेतला सैनिक आपल्या सबर्बमध्ये राहतो, आणि आपण दरवर्षी पोरांची वेषभूषा स्पर्धा घेतो! या वेळी आबांचा सत्कार करायचा. ऑल सेट. तू फक्त हो म्हण." आंधळा मागतो एक डोळा तशातली गत. मी दोनदा हो म्हणालो.

आबा काय म्हणाले? "नको." मग जरा वेळाने, "बघू."

२२ जुलै, गुरुवार

आबांचा 'बघू' काही पुढे सरकत नाही. मला याचं नवल नाही. आयुष्यभर ते असेच.

लहानपणापासून मी 'फौजेतल्या जगदाळ्यांचा मोहन'. गावाच्या वेशीवर कमान आहे, तिच्यावर दोन नावं कोरली आहेत, मुरलीधर जगदाळे आणि दौलू कदम. दोघं एका गल्लीतले, बरोबरच इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले आणि सिंगापूर पडलं तेव्हा बरोबरच जपान्यांच्या कैदेत गेले. तिथेच आझाद हिंद फौज उभी राहिली. दौलूकाका इंफाळकडे गेले ते परत आले नाहीत. शाळेत पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायला आबांना बोलवायचे आणि त्या दिवशी आबांना हमखास ताप यायचा. मास्तर म्हणायचे, खरा वीर असा असतो, मिरवत नाही.

मिरवू नका हो, पण दाखला तरी काढा! स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांसाठी इंजिनीअरिंगला राखीव जागा होत्या. ज्यांचे बाप तेव्हा पाळण्यात होते त्यांनी दाखले आणले. माझे वडील एसटीत तिकिटं फाडत राहिले आणि अर्जावर सही करायला ठाम नकार दिला. पुण्याची जागा गेली, एक वर्ष वाया गेलं. चाळीस वर्षं उलटून गेली तरी हे लिहिताना माझा हात तापतोय. असला कसला स्वाभिमान?

५ ऑगस्ट, गुरुवार

चित्रलेखाच्या वॉर्डातली एक जण पॉझिटिव्ह निघाली. चित्रलेखा निगेटिव्ह आहे, तरी आम्ही सगळेच घरात बंद. अंगणातल्या पत्रपेटीपर्यंतही जायचं नाही. चित्रलेखा दिवसभर झोपते, उठते, फोनवर वॉर्डाची विचारपूस करते आणि पुन्हा झोपते.

आज आम्ही घरातच आहोत ना, हे बघायला पोलीस आला आणि त्याच्याबरोबर सैन्यातला एक जवान. पंचविशीचा असेल. अंगावर लष्करी कपडे, तोंडाला मास्क, डोक्यावर एका बाजूची कड वर मुडपलेली ती त्यांची टोपी. मी दारातून सगळ्यांची नावं सांगत होतो तेवढ्यात मागून वॉकरचा आवाज. आबा! मी हाताने मागे जा म्हणतोय, तर त्यांनी वॉकर सोडला, भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि त्या पोराला खाडकन सलाम ठोकला. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "थँक यू, सर. मिल्क. थँक यू. मिल्क."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फ्रीजमध्ये दुधाचे दोन कॅन, आणि हा म्हातारा सरकारी माणसाकडे दूध मागतोय! मी सांगितलं, सॉरी, ही इज नाइंटी एट. जवानाने मात्र आबांना उलट सलाम केला. "नो वरीज, सर," म्हणाला.

ते गेल्यावर आबांना विचारलं, दूध पाहिजे होतं तर मला का नाही सांगितलं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खोलीत गेले. ज्यांच्या साम्राज्याविरुद्ध लढले त्यांच्याच गणवेशाला सलाम. वय झालं, दुसरं काय.

७ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दारात दोन लिटर दुधाचा कॅन. चिठ्ठी नाही, काही नाही. श्रिया म्हणाली, "दॅट्स सो स्वीट ऑफ हिम." मला लाजच वाटली. आबांनी ते दूध दुसऱ्या कुणाला देऊ दिलं नाही. दिवसभर थोडं थोडं करून एकटेच प्यायले.

संध्याकाळी आपणहून म्हणाले, "पद्माकरला सांग, बोलतो मी. दोन मिनिटं." मी उडालोच. भाषण लिहून देतो म्हटलं तर म्हणाले, "तू काय लिवणार? तू व्हतास का तिथं?"

१२ ऑगस्ट, गुरुवार

आमची बंदी काल संपली. चित्रलेखा लगेच शिफ्टला गेली. मी म्हटलं, एक दिवस तरी थांब. म्हणाली, "कुणाच्या जिवावर थांबू?"

पद्माकरने झूमची रंगीत तालीम घेतली. पाठीमागे लावायला म्हणून त्याने बंदुका घेऊन कूच करणाऱ्या सैनिकांचं चित्र पाठवलं. ते लावलं तर आबांचे कान गायब झाले आणि एक सैनिक त्यांच्या खांद्यातून निघाला. श्रिया हसून हसून बेजार. आबांनी चित्र काढायला लावलं. फौजेसारखी म्हणून मी काढलेली खाकी टोपीही घालेनात. "ती माझी न्हाई," एवढंच. सत्काराला येताय आणि टोपी नको! म्हटलं, आता ताणायला नको, मोडेल. दीडशे घरं जोडली जाणार आहेत. पार दुसऱ्या राज्यातल्या वेरिबीहूनसुद्धा लोक येणार आहेत. गावाकडे लिंक पाठवली आहे, सरपंच बघणार आहेत.

मीच पाठवली. मला कोण उत्साह!

१४ ऑगस्ट, शनिवार

सकाळच्या चहाला आबा म्हणाले, "बस. उद्या काय बोलणार ते आधी तू ऐक." मी बसलो.

"मी त्या फौजेत न्हवतो."

मला वाटलं, झालं, डोकंही गेलं. पण ते अगदी नीट बोलत होते, एकेक शब्द तिकीट फाडून द्यावं तसा.

"सिंगापूरला मैदानात बसवलं आमाला सगळ्या कैद्यांना. भाषणं झाली. ज्याला देशासाठी लढायचंय त्यानं पुढं यावं म्हणाले. दौलू उठला. माझा दंड धरून म्हणाला, मुरल्या, चल. मी न्हाई उठलो."

"का?"

"लोक म्हणतील, इमान. खाल्ल्या मिठाला जागला. तसलं काय न्हाई. दमलो व्हतो, मोहन. लढाई पुरं झाली वाटलं. कैदेत गुमान बसू, जगू, घरी जाऊ. तो पुढं गेला. मागं वळून एकदा बघितलं त्यानं. त्या दिवसानंतर भेट न्हाई."

जे उठले नाहीत त्यांना जपान्यांनी जहाजात कोंबून न्यू गिनीला नेलं, मजुरीला. खायला रानातले रताळ्यासारखे कंद, तेही संपले. रोज सकाळी बाजूचा माणूस जिवंत आहे का, ते हलवून बघायचं. मग लढाई संपता संपता ऑस्ट्रेलियाचे सोजीर आले. "एकानं मला पोरासारखं उचलला. काय वजन राहिलं व्हतं माझं! दुधाचा डबा फोडला अन् बोटानं चाटवलं मला, घट्ट गोड दूध. तसलीच टोपी व्हती, एका बाजूनं मुडपलेली."

आबा एकादशीलाही रताळ्याला शिवत नाहीत. इथे आले त्या दिवशी विमानतळावरून घरी येताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, न्यू गिनी कुठल्या बाजूला? मी म्हटलं होतं, आबांना भूगोलाची भारी हौस.

"गावात आलो तर हार घेऊन सगळे उभे," ते सांगत होते. "सिंगापूरहून आला म्हंजी फौजेतलाच, असं धरून चालले. दौलूच्या आईनं माझे पाय धुतले. म्हणाली, माझा कुठाय? मी म्हटलं, पुढं गेला. तिला वाटलं, मी बाजूला व्हतो, त्याला पडताना बघितला. मग रोज येऊन बसायची. सांग म्हणायची, कसा लढला सांग. काय सांगू? अन् त्याच्यासंगं गेलो न्हाई हे तिला कोणच्या तोंडानं सांगू?"

"आणि कमान? कमानीवर तुमचं नाव आहे, आबा!"

"मी लिवलं न्हाई. पण पुसलं बी न्हाई."

मी भडकलो. मला तेव्हाच का नाही सांगितलं, दाखल्यावरून मी तुम्हाला काय काय बोललो, वगैरे. ते म्हणाले, "तुझ्या आईला ठाऊक व्हतं." मग मी सूर बदलला. आता कोण विचारतंय? शंभरीला टेकलात. सणाचा दिवस, लोक हौसेने येणार, गावचे लोक बघणार. कशाला?

"म्हणून तर," आबा म्हणाले. "सगळे एकदम भेटतील असं परत कुठं व्हायचंय? दोन मिनिटं, मोहन. बस."

चित्रलेखाला जिन्यावरून सांगितलं. ती पायरीवरच बसली. "बोलू दे त्यांना," म्हणाली. तिचं काय जातंय? ती काही 'फौजेतल्या जगदाळ्यांची' म्हणून वाढलेली नव्हे.

१५ ऑगस्ट, रविवार

कार्यक्रम झाला. छान झाला, असं सगळे म्हणतायत.

आबांना पांढरा सदरा घातला. कानाचं यंत्र त्यांनी काढून ठेवलं, झूमचा आवाज त्यात किंचाळतो म्हणून. राष्ट्रगीत, दोन मुलींचं नृत्य, पद्माकरचं लांबलचक प्रास्ताविक. त्यात त्याने आबांना तीन लढायांवर पाठवलं. शेवटी, "आता आपले आबा!" पडद्यावर चौकोनच चौकोन. एका चौकोनात सरपंच फेटा बांधून बसलेले. त्यांच्या मागे पोरांची दाटी.

आबांनी हात जोडले. "मंडळी, तुमी मला जे समजता ते मी न्हाई."

आणि माझं बोट म्यूटवर गेलं. आपोआप, असं लिहिणार होतो. आपोआप काही जात नाही. मी बघून दाबलं.

माईकवर तांबडी रेघ आली. आबा बोलत राहिले. मैदान, दौलू, दंडाला धरलेला हात, जहाज, दूध. काल माझ्यापुढे एकेक शब्द सुटा बोलत होते, आज सलग बोलत होते. चौकोनांमधली माणसं कानाशी हात नेत होती, हातवारे करत होती. पद्माकर सारखा ओठ हलवत होता. मी लॅपटॉपचा आवाज बंद करून इंटरनेट गेल्याची खूण केली. वरून श्रिया ओरडली, "बाबा! आजोबा'ज ऑन म्यूट!" आबांना यंत्राशिवाय काय ऐकू येणार? ते दीडशे घरांच्या डोळ्यांत बघत बोलत होते.

संपत आलं असं वाटलं तेव्हा मी पुन्हा बोट दाबून माईक चालू केला. "...त्याचं नाव दौलू कदम. त्याला इसरू नका." आबा थांबले. मग, मी जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते म्हणाले. "जय हिंद."

तेवढंच सगळ्यांनी ऐकलं. टाळ्या सुरू झाल्या. सरपंच उभे राहून टाळ्या वाजवत होते. पोरं नाचत होती. आबा ते सगळे चौकोन एकेक करून बघत राहिले. मी त्यांना हाताला धरून खोलीत नेलं.

१६ ऑगस्ट, सोमवार

आबा दुपारपर्यंत झोपले. उठल्यावर भूक लागली म्हणाले. काय करू विचारलं, तर म्हणाले, "रताळ्याचा कीस कर." मी रताळी किसत होतो आणि मला काही दिसत नव्हतं. त्यांनी दोनदा मागून घेतला.

खाता खाता म्हणाले, "कोण काय वाईट बोललं का रे?"

"नाही, आबा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हीच पाहिलंत."

"बघितलं खरं. एवढं सोपं व्हतं होय." आणि हसले. त्यांचे दात गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

श्रिया माझ्याशी बोलत नाही. काल फक्त एवढं म्हणाली, "आय सॉ द रेड माइक, बाबा. यू डिड दॅट."

चित्रलेखा आज शिफ्टवरून आली आणि कपडे न बदलता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. तेवढंही बळ तिच्यात नव्हतं. म्हणाली, "मी वॉर्डात फोन धरून उभी असते, मोहन. घरच्यांना येता येत नाही, म्हणून पेशंटच्या तोंडाशी फोन धरते. काहीजण काहीच्या बाही बोलतात. जुनी भांडणं काढतात. ऐकवत नाही कधी कधी. पण स्पीकर बंद करत नाही मी." मग वर गेली.

२ सप्टेंबर, गुरुवार

आबांना सांगायचं ठरवून आज दोनदा त्यांच्या खोलीत गेलो. पहिल्यांदा ते गुणगुणत होते. दुसऱ्यांदा झोपले होते. उद्या बघू.

पद्माकरचा फोन. "काय बोलले रे आबा? नेमकं तेव्हाच तुझं नेट गेलं! पण जय हिंद काय म्हणाले, अंगावर काटा आला." मी म्हटलं, जुन्या आठवणी सांगत होते.

१८ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचं मानपत्र आलं. पद्माकर दारात ठेवून, गाडीतूनच हात हलवून गेला. चांगली जाड चौकट, वर तिरंगी फीत, खाली मोठ्या अक्षरांत, 'आझाद हिंद फौजेचे शूर सैनिक श्री. मुरलीधर जगदाळे यांस, सादर प्रणाम'. मी ते कपाटात टाकणार होतो, पण आबा नेमके पुढच्या खोलीत उन्हाला बसले होते.

"काय आलं?"

द्यावं लागलं. त्यांनी भिंग घेतलं, अक्षर अक्षर वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आता कळलं यांना. बरं झालं, माझ्या तोंडाने सांगायला नको. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

आबांच्या भिंगावर थेंब पडला.

"एवढं सगळं ऐकून," ते म्हणाले, "तरी बी हे लिवलं त्यांनी." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "फौजेतला म्हणाले, मोहन. मी न्हाई गेलो हे सांगितल्यावर बी. पदरात घेतलं मला."

श्रिया जिन्यात उभी होती. तिनेही ऐकलं. ती खाली आली आणि आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"दौलूची आई बी असंच म्हणाली असती का रे?" आबांनी विचारलं. "उगा भ्यालो मी त्या माउलीला?"

"म्हणाली असती, आबा."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, चौकटही पुसली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नजर अजून तीच, कंडक्टरची, बसमध्ये कोण तिकिटाविना बसलाय ते बरोबर हुडकणारी.

"लोकांचं कळलं," म्हणाले. "पर तू माझ्या बाजूला बसला व्हतास. सगळं ऐकलंस. तू अजून कायच बोलला न्हाईस."

श्रिया माझ्याकडे बघत होती. आबांना सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं, आणि मला त्यांचं ते कीस खातानाचं हसू आठवलं. मी त्यांच्यासमोर खाली बसलो. गुडघे दुखले. त्यांचा दंड धरला. कामाशिवाय त्यांना शेवटचा हात कधी लावला होता ते मला आठवेना.

"ऐकलं, आबा," मी म्हणालो. "मी सगळं ऐकलं."

"मग?"

"मीही उठलो नसतो."

ते बराच वेळ माझा हात थोपटत राहिले. मग म्हणाले, "जा, चहा टाक. दूध जास्त घाल."